चारशे सत्त्याण्णव दिवस

तुर्भ्याला मसाला मार्केटात, पोटमाळ्यावर,
हळदीच्या पावत्यांच्या गठ्ठ्यांमागे
आमचा सर्व्हर आहे.
पंख्याच्या जाळीत मिरचीची पूड बसते,
मी शनिवारी ब्रशने काढतो आणि शिंकतो.
आठ वर्षं एवढीच त्याची देखभाल.

मंगळवारी दिवा पिवळा झाला.
हिरवा नाही, लाल नाही, पिवळा:
म्हणजे चालू आहे, पण त्याला काही सांगायचंय.

वीरजीभाईंनी खालून विचारलं, 'घरत, चालतंय ना?'
'चालतंय.'
'मग?'
या 'मग'चं उत्तर माझ्या पगारात बसत नाही.

कंपनीकडे दुरुस्ती तयार आहे.
तिचं नाव दिसतं, तारीख दिसते,
किती एमबीची आहे तेही दिसतं;
बटण दाबलं की करार विचारतात.
करार दोन वर्षांपूर्वी संपला.
नूतनीकरणाचा आकडा मी शेठना सांगितला होता,
त्यांनी तो धण्याच्या पोत्यांत मोजला
आणि पुन्हा विषय काढला नाही.

फोन लावला. पोटावर झोपून, मोबाइलच्या उजेडात
मागच्या पत्र्यावरचा नंबर वाचला:
बी बटाट्यातला, डी डब्यातला, तीन शून्यं, नाही, चार.
पलीकडे मृणाल म्हणून कुणी शांतपणे लिहून घेत होत्या.
मग त्यांचा ठरलेला प्रश्न:
'तुमचा धंदा बंद पडलाय का?'

हो म्हटलं तर पहिला वर्ग, तासाभरात माणूस.
नाही म्हटलं तर चौथा, वाट बघा.
खाली दीडशे पोती जिरं चढत होतं,
हमाल 'बाजू, बाजू' ओरडत होते,
आणि आमच्याकडे दिवसाअखेरीही
गाळा बंद करत नाहीत, वाढवतात.
तो शब्द तोंडातून निघेना.

'नाही,' म्हणालो. 'चालतंय.'

थोडा वेळ नुसता कळा दाबल्याचा आवाज.
मग त्या म्हणाल्या, 'करार नाही, फाइल देता येणार नाही.
पण तिच्यासोबतचं माहितीपत्रक सगळ्यांसाठी असतं.
वाचून दाखवते.'
आत दिवस मोजणारा एक आकडा आहे म्हणे,
चारशे सत्त्याण्णवला तो भरतो,
पुढे मोजायला जागा उरत नाही,
मशीन जागच्या जागी थिजतं.
'सलग किती दिवस चालू आहे?'
'चारशे नव्वद.'
'मग रविवारी एकदा बंद करून चालू करा.
गाळे उघडत नाहीत ना तेव्हा.'

गाळा हा शब्द मी उच्चारलाच नव्हता.
कंपनीच्या कागदावर आम्ही नुसते 'पश्चिम विभाग'.
विचारणार होतो, तोवर
समाधान एक ते पाचमध्ये द्यायला सांगून
त्यांनी फोन ठेवला होता.

रविवारी मार्केटात एक रखवालदार, मी,
आणि बारदानावर झोपलेली कुत्री.
बटण दाबलं. पंखे थांबले,
आणि आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं
की इथे एक उंदीर राहतो.
नऊ मिनिटं पडदा काळा.
तेवढ्यात मी तीन देवांना हात जोडले
आणि एका बॅकअपला,
जो कधी उघडून पाहिला नव्हता,
म्हणजे तोही देवांसारखाच.

मग हिरवा. सलग चालू: शून्य दिवस.

मेल आली: तुमचा प्रश्न सुटला का? होय. नाही.
दोन्हींत बसेना, तशीच ठेवली.
बोटांवर, मग कागदावर पुढचे दिवस मोजले.
पुन्हा रविवारच येतो,
एकोणीस जुलै, पुढल्या वर्षीचा.
ते कॅलेंडर अजून छापलेलं नाही.
म्हणून खोक्यांची चिकटपट्टी घेतली,
मार्करने तारीख लिहिली,
'याआधी वाढवून पुन्हा लावणे',
आणि सर्व्हरच्या कपाळावर चिकटवली.
सही करताना थोडा थांबलो.
लिहिलं: घरत,
किंवा जो असेल तो.